पांढऱ्या खळीतली लाल रेघ

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा आम्ही नक्की काय बनवतो हे मला घरीसुद्धा धड सांगता यायचं नाही. लाकडाच्या लगद्याचे जाड तक्ते यायचे. ते कॉस्टिक सोड्यात फुगवायचे, धुवायचे आणि दगडी चक्क्यांच्या गिरणीत पुन्हा पुन्हा दळायचे. लाकडाचे तंतू उलगडत डोळ्यांना दिसेनासे होत आणि खाली दह्यासारखी घट्ट, पांढरी खळ पडे. रंगवाले ती नेत.

माळ्यावरून गिरणीत लगदा घालायचे काका. मूळचे मालवणकडचे, कापडगिरणी बंद पडल्यावर इथे आलेले. मी खाली, बादलीपाशी. मध्ये पत्रा, म्हणून ते मला दिसत नसत आणि त्या आवाजात हाकही पोहोचत नसे. लगदा गिरणीच्या तोंडाशी अडकला की काका बोटांनी ढकलत. काठी होती, पण तिची कुसळं मालात उतरली की मालक डोकं खात, म्हणून ती खाली माझ्यापाशीच पडून असे.

"मशीन माका वळाखता गो बाय," काका म्हणत. ऐकूनच मला घाम फुटे.

दसऱ्याला काकांनीच मशीनची पूजा केली, अगदी मनापासून. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरू झाली आणि थोड्याच वेळात बादलीतल्या पांढऱ्या खळीत एक लाल रेघ उतरली. मागोमाग दुसरी, जाड.

"काका!" मी किंचाळले. दाराजवळच्या स्विचपर्यंत कशी पोहोचले, आठवत नाही. बंद केल्यावरही ती मेली गिरणी लगेच थांबेना. शिडी चढताना वर बघायची हिंमत होत नव्हती.

काका उभे होते. दोन्ही हात लगद्याने माखलेले, पण धड.

"काय झाला गो? लाईट गेली?"

मला रडूच फुटलं. मग दिसलं. गिरणीच्या तोंडाला त्यांनी भरपूर हळद थापली होती. कितीही धुतलं तरी लगद्यात थोडा कॉस्टिक राहायचाच, त्याने ती लालभडक झाली होती. चुन्याने हळद लाल होते हे घराघरात ठाऊक. पण भीतीपुढे सुचतंय कुणाला!

हे सांगितल्यावर काका हसतील असं वाटलं होतं. ते गुपचूप खाली उतरले, बादलीत वाकून बघितलं आणि किती तरी वेळ उजव्या हाताची बोटं मिटत-उघडत राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाय," ते हळूच म्हणाले, "ती काठी खंय ठेवलंस?"