यादीत नसलेलं नाव

"मी तीनदा पुकारतो. चौथ्यांदा देवसुद्धा पुकारत नाही."

आमच्या पदव्युत्तर केंद्राचे प्रमुख हे वाक्य दरवर्षी प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळीच सांगून टाकत. मग व्हरांड्याच्या कठड्यावर डावा हात ठेवायचा, उजव्या हातात यादी धरायची आणि एकेक नाव पुकारायचं. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. तीन वेळा नाव घेऊनही कोणी 'हजर' म्हटलं नाही, तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जागा. हे काम शिपायाला सांगता आलं असतं, पण ते कधी सांगितलं नाही. "ज्यानं दार बंद करायचं, त्याचाच आवाज लोकांनी ऐकलेला बरा," असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा केंद्रात हिशेबाला होतो. शेजारच्या टेबलाशी बसून पैसे घ्यायचे, पावती फाडायची आणि पुकारलेल्या नावापुढे पेन्सिलीची खूण करायची, एवढं माझं काम. दिवस संपला की पुकारलेली नावं आणि यादीतली नावं जुळवायची. तुमच्याही कचेरीत असा एखादा टेबलाचा माणूस असेल. त्याला सगळे विसरतात, त्यामुळे त्याला बरंच दिसतं.

सर मूळचे धुळ्याचे. शिकवायचे गणित. आठवडाभर जळगावला पिंप्राळ्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, खोली घेऊन राहत आणि शनिवारी एसटीनं धुळ्याला घरी जात. मला सकाळी स्कूटरवर मागे बसवून आणत. स्कूटर इतकी हळू चालवत की एकदा मी म्हटलं, "सर, सायकलवाला पुढे गेला."

"त्याला घाई असेल," सर म्हणाले.

वशिल्याचं वजन आणणाऱ्या लोकांशीही ते असंच बोलत. एका पुढाऱ्याचा माणूस एकदा प्रवेशासाठी खुर्चीवर ठाण मांडून बसला. "साहेबांनी सांगितलंय, एक जागा वाढवा." सरांनी त्याला चहा पाजला. मग म्हणाले, "साहेबांना सांगा, जागा देतो, पण प्रतीक्षा यादीत पहिलं नाव ज्याचं आहे त्याला साहेबांनी स्वतः येऊन समजवावं, तुला घरी का पाठवतोय ते." माणूस चहा अर्धा ठेवून गेला. आम्ही आठवडाभर हसत होतो.

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली.

शेवटच्या दिवशी सरांनी नाव पुकारलं, "पाटील सुनंदा शालिग्राम." उत्तर नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नाही. मुलगी पारोळ्याकडच्या खेड्यातली, गुणांनी यादीत बरीच वर. सरांनी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि प्रतीक्षा यादीतल्या मुलाचं नाव घेतलं. त्यानं पैसे भरले. मी पावती फाडली.

अर्ध्या-पाऊण तासानं जिन्यावर पावलं वाजली. पुढे डोक्याला पांढरी टोपी घातलेला शेतकरी, मागे मुलगी. दोघांच्याही कपड्यांवर धूळ.

"गाडीनं टायर फुटी गयं, साहेब," बाप म्हणाला. "एरंडोलजोडे. मंग ट्रकवर बसीसन उनूत."

सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि जागा गेल्याचं सांगितलं. मी हळूच म्हणालो, "सर, विद्यापीठाला पत्र टाकून एक जागा वाढवून मागता येते. दुसरीकडे मागतात."

"परवा त्या माणसाला काय सांगितलं मी?" सर म्हणाले. "आज ही एक मागितली, तर उद्या त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

हिशेबानं ते बरोबरच होतं.

मुलगी रडली नाही. तिनं विचारलं, "सर, किती वेळा पुकारलं?"

"तीनदा."

"मोठ्यानं?"

"हो. मोठ्यानं."

तिनं मान हलवली, जणू एवढीच खात्री करून घ्यायची होती. बाप म्हणाला, "चाल माय," आणि दोघं जिना उतरून गेली.

पुढच्या वर्षी यादी पुकारून संपली. मी खुणा मोजायला घेतल्या, तर सर कठड्याशीच उभे. त्यांनी आणखी एक नाव पुकारलं. पाटील सुनंदा शालिग्राम. तीनदा. व्हरांड्यातली मुलं इकडेतिकडे पाहू लागली. मी यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिली.

"सर, हे नाव यादीत नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

मग हे दरवर्षीचं झालं. नव्या कारकुनांना वाटे, सरांच्या चष्म्याचा नंबर वाढला. शिपाई रघुनाथ त्यांना "लिहू नका ते" एवढंच सांगे. त्या नावाची खूण मी यादीच्या खाली कोऱ्या जागेत करी, म्हणून माझ्या खुणा दरवर्षी यादीपेक्षा एकानं जास्त भरत. पेन्सिलच ती, पुसून टाकता आली असती. मी पुसली नाही.

आमचं वेगळं विद्यापीठ झालं, केंद्र वाढलं, विषय वाढले, सरांचे केस गेले. ते नाव पुकारणं मात्र चालू राहिलं. शनिवारच्या एसटीत ते खिडकीशी बसतात आणि पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली की उतरून फलाटभर फिरून येतात, असं मला एका कंडक्टरनं सांगितलं. "कोणाला शोधतात हो तुमचे सर?" तो म्हणाला. "दर वेळी वाटतं, राहतात आता मागे."

एका शनिवारी सर मला म्हणाले, "भाऊ, आज माझ्याबरोबर चला. पारोळ्याला उतरू. एका माणसाची माफी मागायची आहे, एकट्याला जमायचं नाही."

पारोळ्याहून रिक्षानं त्या खेड्यात गेलो. शालिग्राम पाटील ओट्यावर कापसाच्या गोण्या शिवत बसला होता. सरांना त्यानं लगेच ओळखलं, सुई टाकून उठला, खाट टाकली, आत चहा सांगितला. सरांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमना लई उपकार शेत."

सरांना कळेना. मलाही.

मग त्यानं सांगितलं. पोरीला शिकायचं होतं. त्याच वेळी सुरतेकडून स्थळ आलं होतं, कापड गिरणीतला मुलगा, घर स्वतःचं. बापानं पोरीला शब्द दिला होता की नंबर लागला तर दोन वर्षं शीक, स्थळ परत पाठवतो. नाही लागला तर लग्न. "तुम्ही जागा दिधी ऱ्हाती, तर असं घर हातमाईन जातं. बठ्ठं चांगलं व्हयनं, साहेब. दोन पोरे शेतस तिले."

सरांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "गणित... काही करते का ती?"

शालिग्राम हसला. "घरना हिशोब करस ना."

निघताना त्यानं शेंगांची पिशवी भरून दिली. सर नको म्हणू शकले नाहीत. परतीच्या वाटेवर ती पिशवी मांडीवर धरून बसले. पारोळ्याच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना म्हणाले, "भाऊ, तुम्ही हिशेबाचे माणूस. माफी मागायला गेलो आणि आभार घेऊन आलो. हे कोणत्या खात्यात टाकायचं, सांगा."

तेवढ्यात गाडी लागली.

ती पिशवी केबिनच्या कपाटावर बसली. सरांनी ती स्वतः फोडली नाही, कोणाला फोडू दिली नाही. शेंगांना कीड लागली तेव्हा रघुनाथनं न विचारता उचलून नेली. दुसऱ्या दिवशी सरांनी कपाटाकडे पाहिलं. पिशवी कुठे गेली, हे विचारलं नाही.

मला वाटलं होतं, मुलगी नांदते आहे हे कळल्यावर नाव पुकारणं थांबेल. पुढच्या प्रवेशाला त्यांचा आवाज उलट वाढला. जणू आता तो एरंडोलपर्यंत पोचवायचा नव्हता, सुरतेपर्यंत पोचवायचा होता.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी शेवटची यादी वाचली. सगळ्यांना प्रवेश मिळाले होते. कठड्यावरचा हात त्यांनी काढला नाही. पाटील सुनंदा शालिग्राम. एकदा, दोनदा, तीनदा. मी पेन्सिल ठेवायला गेलो, तेव्हा त्यांनी चौथ्यांदा पुकारलं. हळू, घरातल्या माणसाला बोलवावं तसं. आडनाव नाही, वडिलांचं नाव नाही. "सुनंदा."

जिन्यात कोणी नव्हतं. रघुनाथनं तरी खाली डोकावून पाहिलं.

पुढच्या हिवाळ्यात सर धुळ्याला वारले. त्यांच्या पत्नीनं मला विचारलं, "शेवटी शेवटी जिन्यावर आवाज झाला की उठून बसायचे. घराला आमच्या जिनाच नाही. कोण यायचं होतं हो?" मी म्हणालो, "केंद्रातलं कोणीतरी."

नवे प्रमुख हुशार आहेत, कामाला चोख आहेत. पुकारायची पद्धत त्यांनी बंद केली. यादी फळ्यावर लागते, वेळ लिहिलेली असते, ज्यानं त्यानं यावं. त्यात चूक काढण्यासारखं काही नाही.

त्यांच्या पहिल्या प्रवेशाच्या दिवशी संध्याकाळी मी पैसे भरणाऱ्यांच्या नावांपुढच्या खुणा मोजल्या. बरोबर जुळल्या. पुन्हा मोजल्या. तरी जुळल्या. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं.

रघुनाथ किल्ल्या घेऊन आला. "भाऊ, लावू का कुलूप?"

"थांब जरा," मी म्हणालो. "पारोळ्याची गाडी येऊन जाऊ दे."

त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर, खाली पाहत बसला.