निंबोल्याची घंटी

दादा गेल्याची बातमी सकाळी दूधवाल्याच्याही आधी आली. फोन वहिनीचा होता आणि ती एवढंच म्हणाली, "सुमे, ये." चपला घालता घालता मोबाईल पाहिला, तर आदल्या दुपारचा एक न उचललेला फोन दिसत होता... दादाचाच. तो कशासाठी आला होता हे मला ठाऊक होतं. त्याच्या आधी आमच्या मागच्या खोलीतली घंटी एकदा वाजली होती, आणि घंटी वाजली की पाच मिनिटांत दादा फोन करून विचारणार, "आलं का?" हे कितीतरी वर्षांचं ठरलेलं. माझे हात तेव्हा केळीच्या वेफर्सच्या कढईत अडकलेले, डोकं तापलेलं. आलंय की, कुठे पळून जातंय, असं पुटपुटत मी झारा हलवत राहिले. संध्याकाळी करू म्हटलं आणि संध्याकाळी विसरले.

प्रभाकरदादा माझा चुलतभाऊ. बुऱ्हाणपुरात राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं घर, आणि मी लग्न होऊन आले ती इथे निंबोल्याला, केळीच्या बागांमध्ये. उमेदीची वर्षं त्याने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. तेव्हा लोक नंबर सांगत नसत, "जरा डॉक्टरसाहेबांकडे जोडा" म्हणत, आणि दादाला गावातले नंबर तोंडपाठ. नोकरी सुटल्यावर त्याने जे धरलं ते त्याच्या मते तेच काम होतं. इंटरनेटवर आपण एखादं नाव टाकतो, पण यंत्रांना नाव कळत नाही, आकडे कळतात. कोणत्या नावाचा कोणता आकडा, हे सांगणारं कुणीतरी सतत जागं असावं लागतं. त्या मशीनला नेमसर्व्हर म्हणतात. गावातली एक शाळा, काही कापडवाले, एक वैद्य, आमचा बायकांचा वेफर्सचा गट, अशी वीसेक नावं दादाच्या वरच्या खोलीतल्या मशीनवर होती. "विचारणाऱ्याले उत्तर भेटलं पाहिजे, बस," एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

या कामाचा नियम असा की उत्तर देणारी मशीनं निदान दोन हवीत, आणि तीही वेगवेगळ्या जागी. एके दिवशी तो चादरीत गुंडाळलेला डबा स्कूटरवर घेऊन आमच्याकडे आला. "माझी लाइट गेली तर तुझी राहील. तुझी गेली तर माझी." मी विचारलं, "आणि दोघांची गेली तर?" तर म्हणाला, "तू नं शुभ बोलतच नाही कधी." नावांची मूळ यादी त्याच्याकडे, तिची हुबेहूब प्रत माझ्याकडे. त्याने काही बदललं की नवी प्रत आपोआप इकडे यायची, आणि ती आली हे मला कळावं म्हणून त्याने एका भंगारातल्या काळ्या टेलिफोनची घंटी माझ्या मशीनला जोडून दिली. प्रत आली की ती एकदाच वाजायची. पहिले काही दिवस सासूबाई दार उघडायला जायच्या.

दर अमावास्येला मी ती प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवायची, असंही त्याने लावून दिलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे केळीची कापणी नसते, म्हणून. बाकी मला त्यातलं फार कळायचं असं नाही. पण हळूहळू ती खोली मला आवडायला लागली. खिडकीबाहेर लगेच बाग सुरू होते. दुपारी पानांतून गाळून हिरवट उजेड आत यायचा, आणि त्यात ते मशीन बारीक आवाजात घुमत असायचं. कुणीतरी कुठेतरी नाव विचारतंय, हे उत्तर देतंय... आणि मी शेजारी तांदूळ निवडतेय.

एकदा राजघाटाकडची डीपी जळाली. दोन दिवस त्यांच्या भागात वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी भर उन्हात दादा इकडे आला, पाणीसुद्धा न पिता मागच्या खोलीत जाऊन डब्याशेजारी जमिनीवर बसला आणि डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली. "दादा, काय करून राहिला तू?" "ऐकून राहिलो," तो म्हणाला. "माझ्या वाटचं बी हेच सांगून राहिलं सगळ्यांले." तास-दीड तास तो तसाच बसला होता. मी बाहेर खाट टाकून पडले, मला झोप लागली. उठले तेव्हा तो निघून गेलेला, आणि ताटलीतल्या शंकरपाळ्या मात्र संपलेल्या होत्या.

एक घोळ मात्र माझ्या नावावर कायमचा आहे. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शाळेचा आकडा बदलायचा होता, म्हणून त्याने मला वरच्या खोलीत मूळ मशीनवर बसवलं. मी आकडा बदलला, मोठ्या रुबाबात खाली आले. दुसऱ्या दिवशी शाळेत भांडण. हेडमास्तरांना नवं पान दिसतंय, क्लार्कला जुनंच, आणि दोघंही एकमेकांना चष्मा बदलायला सांगतायत. झालं होतं असं की प्रत्येक नावाची एक फाईल असते आणि तिच्या डोक्यावर एक क्रमांक असतो. काहीही बदललं की तो एकाने वाढवायचा. निंबोल्याचं मशीन फक्त तो क्रमांक बघतं. क्रमांक वाढला तरच नवी प्रत मागतं, नाहीतर जुन्यावर खूश. मी तो वाढवायलाच विसरले होते. त्यामुळे बुऱ्हाणपूर नवं सांगत होतं आणि निंबोला जुनं. डोळ्यावर पट्टी असलेला दादा पोट धरून हसला. "एक वाढव, सुमे. तुझ्या मनात हजार गोष्टी बदलल्या तरी सांगितल्याबिगर तिकडे कसं समजंल?"

पुढे मीच त्याच्यामागे लागले होते. आजकाल हे कोण घरी ठेवतं, दे एखाद्या कंपनीकडे, वरचेवर ते जिने चढणं बंद कर. तो नुसता हो हो करायचा. गेल्या वर्षभरात माझं जाणंही कमी झालं होतं. गटाचं काम वाढलं, पाकिटावर आमच्या साइटचं नाव छापलं, ऑर्डरी तिथूनच यायला लागल्या. पाकिटावरचं ते नाव कोण जागवतंय, हे मी सोयीस्करपणे विसरले होते.

महिन्याच्या श्राद्धाला गेले तेव्हा वरच्या खोलीत डोकावले. खोलीत आवाजच नव्हता. तो गेला त्या सकाळी माणसं जमली, कूलर लावायला कुणीतरी मशीनचा प्लग काढला, तो तसाच लोंबत होता. मी लावायला वाकले, तर वहिनी दारातूनच म्हणाली, "नको लावू. तो आवाज आला ना, की मले वाटतं ते वरतीच बसेल आहे. बंदच राहू दे आता." मी प्लग तसाच खाली सोडला. तीस दिवस सगळ्यांना एकटं माझं मशीन उत्तर देत होतं आणि मला पत्ताच नव्हता.

घरी आल्यावर मशीनवर चिकटवलेला कागद पहिल्यांदा नीट वाचला. दादाचं टपोरं अक्षर. 'पहिलं मशीन बंद पडलं तर हे एक्केचाळीस दिवस उत्तर देईल. नंतर हेही गप्प.' माझ्या हातात अकरा दिवस होते. त्यानंतर शाळा, वैद्य, आमची पाकिटं, सगळ्यांची नावं कुणी विचारली तर पलीकडून काहीच येणार नव्हतं. दादाला आयुष्यभर भीती वाटली ती याचीच, आणि त्याला शेवटचं हेच माझ्याकडून मिळालं होतं... विचारलं, आणि उत्तर नाही.

त्याच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. निंबोल्याच्या मशीनला 'तू आता दुसरं नाहीस, पहिलं आहेस' असं सांगायचं, झालं. करण्याआधी भीतीपोटी मी तो जाण्याआधीच्या अमावास्येची पेनड्राइव्हवरची प्रत काढली आणि शेवटच्या प्रतीशी ओळीनओळ ताडून बघितली. त्या अमावास्येनंतर घंटी एकदाच वाजली होती, त्याच्या शेवटच्या दुपारी. मला बघायचं होतं, त्या दुपारी त्याने काय बदललं. बदल आमच्या वेफर्सच्या गटाच्या फाईलमध्ये होता. सगळं जसंच्या तसं. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. फक्त डोक्यावरचा क्रमांक एकाने वाढवलेला. त्याला काहीच बदलायचं नव्हतं. त्याला घंटी वाजवून मला फोन करायचा होता. मी त्या खोलीत मोठ्यांदा रडले, सासूबाई धावत आल्या.

अडतिसाव्या दिवशी निंबोला पहिलं झालं. नावं बचावली, पण दुसऱ्या मशीनची जागा रिकामी होती. मी वहिनीकडे गेले, जेवले, भांडी पुसली आणि मग विषय काढला. तिने पुसलेली ताटं फळीवर लावली. मग म्हणाली, "आवाज येईलच ना त्याचा?" मी म्हटलं, "येईल." "येऊ दे मग." दादाचं मशीन मी दुसरं केलं आणि निंबोल्याहून आणलेली घंटी त्याला जोडून दिली. आता प्रत तिकडे जाणार होती, घंटीही तिकडेच हवी.

परवा अमावास्या होती. दुपारी हात धुऊन मी मागच्या खोलीत बसले, आमच्या गटाची फाईल उघडली. बदलायचं काहीच नव्हतं. डोक्यावरचा क्रमांक एकाने वाढवला. मग वहिनीला फोन लावला. तिने उचलला, आणि मी काही बोलायच्या आत पलीकडे, जिन्यावरून खाली येणारी घंटी मला ऐकू आली. एकदाच.

"वहिनी," मी विचारलं, "आलं का?"

"आलं गं," ती म्हणाली. "आलं."