बहिणीचा अर्ज आणि आठ अक्षरं

मंडळी, आज लालमती गावात लग्नाच्या पंगतीत माझे जुने साहेब शेजारी बसले.

ऐंशीच्या दशकात त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर फाइलच्या नावाची पहिली आठच इंग्रजी अक्षरं ठेवायचा. ताई कृष्णाबाई, मी कृष्णाबाला. आमची आठही अक्षरं सारखीच. अर्जांच्या फाइलला आमचीच नावं दिलेली, म्हणून माझा नोकरीचा अर्ज सेव्ह झाला आणि ताईचा पुसला गेला.

"परत टाइप करू द्या, मिस्ये," ताई साहेबांना म्हणाली.

"एका घरात एक नोकरी पुरे. तू ऊस तोड," साहेब म्हणाले.

ती जन्मभर उसातच राबली.

आज साहेबांनी हा किस्सा हसत सगळ्यांना सांगितला. मग मला विचारलं, "ती बहीण आहे का अजून?"

ताई समोरच जेवत होती.

"गेली ती," ताईच म्हणाली आणि त्यांना भात वाढायला उठली.

तुम्ही गप्प राहिला असता?