मनगटापर्यंतची बाही

“मनगटपर्यंत बाही ठेवा ताई. आनि अस्तर लावा, आरपार दिसाले नको,” वैशाली म्हणाली.

मी टेप गळ्यात अडकवून तिच्याकडे पाहतच राहिले. एप्रिल सरत आला होता. पंखा नुसती गरम हवा फेकत होता. तिचं लग्न मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर. त्यात जरीचा ब्लाऊज, आतून अस्तर आणि मनगटापर्यंत बाही. नवरी बोहल्यावरच उकडून निघाली असती.

शहाद्यात मी पंचवीस वर्षं लेडीज टेलर आहे. वैशाली जवळच्या ब्राह्मणपुरी गावची. नाशिकला शिकायला होती, आता इथेच एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. तिच्या बारावीच्या सेंड-ऑफच्या साडीचा ब्लाऊज मीच शिवला होता. तेव्हा ती चांगली गुटगुटीत होती. हॉस्टेलवर आणखी वाढली आणि मग हट्टाने रोज पळून बारीक झाली.

बाहीचं माप घेताना मुंढा मोजावा लागतो. मुंढा म्हणजे खांद्यापासून काखेभोवतीचा गोल, जिथे बाही जोडतात. त्यासाठी हात उचलावा लागतो. वैशाली हात उचलेना. मी तिला पडद्यामागे ट्रायल रूममध्ये नेलं. तिथे तिने स्वतःच बाही वर सरकवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

दंडावर, काखेपर्यंत, फिकट चकचकीत रेघा होत्या. स्ट्रेच मार्क्स. मला त्यात नवल काही नव्हतं. ब्लाऊज उसवून सैल केला की जुन्या शिवणीची रेघ कापडावर राहते, कितीही इस्त्री फिरवा. कातड्याचंही तसंच. अंग भराभर वाढलं की ते आतून ताणतं आणि त्याची खूण राहते. ट्रायल रूममध्ये मी अशा रेघा इतक्या बघितल्या आहेत की नसल्या तरच लक्ष जातं.

हे मी तिला सांगायला हवं होतं. मी काय म्हणाले? “काळजी करू नकोस. मी असं झाकून देते, कोणाला कळणार नाही.”

ती हसली. मलाही बरं वाटलं. गिऱ्हाईक खूश, मी खूश.

चार दिवसांनी मंगलताई आल्या. वैशालीच्या होणाऱ्या सासूबाई. त्याही माझं जुनं गिऱ्हाईक. स्वतःच्या ब्लाऊजची ट्रायल होती, पण ट्रायल बाजूलाच राहिली. हँगरला वैशालीचा ब्लाऊज लटकत होता. त्यांनी त्याची बाही हातात धरली, मनगटापर्यंत ओढून पाहिली आणि स्टुलावर बसल्या.

“लता, खरं सांग. ती पोर काय झाकी ऱ्हायनी?”

“काही नाही हो. फॅशन आहे.”

“फॅशन? मे महिनामा? साखरपुडाले लांब बाही. बस्ताले गयथूत, तवय एक ड्रेस अंगवर चढाडा नही तिनी.” बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या बायका मिळून दुकानात लग्नाचे कपडे काढतात तो दिवस. त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा नवरीवरच असतात. मंगलताई पुढे झुकल्या. “तिना हातवर कोड शे का?”

कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. त्याने जिवाला धोका नाही, ते कोणाला लागत नाही. पण आमच्याकडे ठरलेलं लग्न मोडायला तेवढा एक शब्द पुरतो. आणि तो शब्द माझ्या दुकानात, मी शिवलेल्या बाहीकडे बघून निघाला होता.

“नाही” म्हणायला जीभ वळवळली. पण मग “तर काय आहे?” हा प्रश्न आलाच असता. बायका माझ्यासमोर अंग उघडं करतात ते मी आंधळी आहे म्हणून नाही, मुकी आहे म्हणून. आज वैशालीचं सांगितलं, तर उद्या माझ्या पडद्यामागे कोण उभं राहील?

“मंगलताई, तुमचंही माप मीच घेते. तुमच्या अंगाचं कधी कोणाला सांगितलं का?”

त्यांनी पदर नीट केला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मन्हा पोरना जलमना सवाल शे, लता.”

“मग तिलाच विचारा.”

“बलाव तिले.”

मी बाहेर ओट्यावर जाऊन फोन लावला. कोडाच्या संशयासकट सगळं सांगितलं. “यायचं की नाही ते तू ठरव,” म्हटलं. तिने फोन बंद केला. मला वाटलं, आता हे लग्नही गेलं आणि ही पोरगीही माझ्या दुकानाची पायरी चढणार नाही.

अर्ध्या तासात ती स्कूटी घेऊन आली. चेहरा उन्हाने लाल. कोणाशी काही न बोलता ट्यूबलाइटखाली उभी राहिली आणि बाही खांद्यापर्यंत सरकवली. भिंतीकडे मात्र वळली नाही.

मंगलताईंनी चष्मा लावला. बोटाने एक रेघ चाचपली आणि मोठा श्वास सोडला.

“इतलंच? अगं येडी, मन्हा पोटवर तं नांगरेल वावर शे!”

त्या खो खो हसल्या. मीही हसले. सुटल्यासारखं झालं होतं. वैशाली हसली नाही. तिने बाही खाली केली, बटण लावलं आणि विचारलं,

“आनि कोड ऱ्हातं तं?”

मंगलताईंचं हसू तिथेच थांबलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी टेपची गुंडाळी करत बसले. आम्हा दोघींना उत्तर माहीत होतं आणि ते तिच्यासमोर म्हणायची दोघींनाही लाज वाटत होती.

“मी दोन दिवसमा सांगस,” वैशाली म्हणाली आणि गेली. लग्न करायचं की नाही याचा विचार आतापर्यंत मंगलताई करत होत्या. विचार करायची पाळी गेली वैशालीकडे. त्या दोन दिवसांत मंगलताईंचा मला चारदा फोन आला. “काही बोलनी का ती?”

तिसऱ्या दिवशी वैशाली स्वतः आली. नवऱ्यामुलाला तिने फोनवर तोच प्रश्न केला होता, कोड असतं तर?

“काय म्हणाला?”

“म्हणाला, आधी घाबरलो असतो. मग दोन दिवस रुसून बसलो असतो. मग केलं असतं लग्न.” ती पहिल्यांदा मोकळं हसली. “खोटं बोलला नाही ताई. चालेल मला. बाही कापा, कोपराच्या चांगली वर.”

मी कात्री घेतली. माझी चूक मला तेव्हा पुरती कळली. तिच्या रेघा मी झाकत नव्हते, त्या झाकण्यासारख्या आहेत असं तिला सांगत होते. वर मनगटापर्यंत जरीचं कापड लावून सगळ्या भावकीलाही सांगत होते. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला बाही किती ते विचारते. झाकून देते, असं म्हणत नाही.

लग्नाला मी गेले होते. तिच्या दंडाकडे तिथे कोणी पाहत नव्हतं, माझ्याशिवाय. डाव्या मुंढ्यात एक चुणी राहून गेली होती.