दहा नंबरचा पाना

गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर निवडायला मला सात आठवडे लागले. घरात कुणाला कळलं नाही. आईला वाटायचं, मी मोबाइलवर बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे.

गाडी बाबांची. जुनी डिझेल फोर बाय फोर, त्यांनी घेतली तेव्हाच तिचे टायर गुळगुळीत झाले होते. एकोडीला आमचं शेत नाल्याच्या पलीकडे आहे. पावसाळ्यात तिकडच्या चिखलाच्या पांदणीतून ट्रॅक्टरखेरीज तीच एक गाडी जायची, म्हणून गावात तिला रणगाडा म्हणत. बाबांनी मला चालवायला शिकवलं तेही तिच्यावरच. माझे पाय क्लचपर्यंत नीट पोचत नसत. पाठीमागे उशी घेऊन मी बसायचे आणि ते शेजारी बसून तंबाखू मळत म्हणायचे, "समोर पाह्य."

रोज संध्याकाळी गाडी अंगणात लागली की ते बॉनेट उघडून बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवत. त्यासाठीचा दहा नंबरचा पाना दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेला असे. सकाळी परत लावत. जुनी बॅटरी, रात्रीतून उतरते, असं मी समजून चालले होते. कधी विचारलं नाही. मी फारसं विचारतच नाही. टर्मिनल काढल्यामुळे गाडीतलं घड्याळ रोज सकाळी एक वाजल्यापासून सुरू व्हायचं. शाळेत सोडताना बाबांच्या गाडीत पावणेदोन वाजलेले असत आणि बाहेर प्रार्थनेची घंटा होत असे.

आता त्या दिवसाबद्दल. धान निसवायचे, लोंब्या बाहेर पडायचे दिवस होते. सकाळी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. साकोलीला दाखवलं, तिथून लगेच भंडाऱ्याला न्यायला सांगितलं. अॅम्ब्युलन्स बोलावतो असं डॉक्टर म्हणाले, तर बाबा खुर्चीवरून उठले. "गाडी आहे ना आपली. पोरगी चालवते." आई मागे बसली, बाबा माझ्या शेजारी. लाखनीच्या अलीकडे, एका तलावाच्या पाळीजवळ, गाडीनं दोन हिसके दिले आणि ती बंद पडली. मी चावी फिरवत राहिले. स्टार्टर फिरायचा, इंजिन उचलायचं नाही. वीस मिनिटांनी भाजी घेऊन जाणाऱ्या एका पिकअपवाल्यानं आम्हाला घेतलं. भंडाऱ्याला पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जुनी गाडी, बंद पडली, असं सगळे म्हणाले. मला कुणी एक शब्द बोललं नाही. पण एक गोष्ट मला एकटीला माहीत होती. आदल्या दिवशी मी झेरॉक्स काढायला साकोलीला गेले होते आणि परतताना, गाव दिसायला लागलं तेव्हा, मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. मी घरी येऊन चावी खिळ्याला अडकवली आणि बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी उद्यापासून बसनं जा म्हटलं असतं. एवढ्यासाठी.

काकांनी दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणून अंगणात लावली. घर माणसांनी भरलं होतं. दिवेलागणीला मी उठले, खिळ्यावरून पाना घेतला आणि टर्मिनल काढून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्या वेळेला ते काम व्हायचं, म्हणून हात उठले.

मग मी वाचायला लागले. इंग्रजी वाचायला मला कधीच त्रास होत नाही, बोलायलाच होतो, तेही कुठल्याही भाषेत. वाचताना कळलं की दिवा लागला की गाडी बिघाडाचा कोड आणि त्या क्षणाचं एक पान जपून ठेवते. वेग किती होता, इंजिनचे फेरे किती, डिझेलचं प्रेशर किती. ते पान मला हवं होतं. आदल्या दिवशी मी पाहिलेला दिवा आणि पाळीजवळ बंद पडलेलं इंजिन, दोन्हींचं कारण एकच होतं का, एवढंच मला त्यात बघायचं होतं.

पहिलं यंत्र चुकलं. आगपेटीएवढं, निळं, फोनला ब्लूटूथनं जोडायचं. सगळ्या गाड्यांना चालतं असं त्यावर लिहिलं होतं. टर्मिनल तेवढ्यापुरतं लावलं, स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये यंत्र बरोबर बसलं, त्याचा दिवाही लागला आणि फोनवर चाक फिरत राहिलं. गाडीशी संपर्क होत नाही. काकांच्या नव्या कारला लावलं तर लगेच बोललं.

मी साकोलीला हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये गेले. बाबांना ओळखत नसेल असा मिस्त्री मुद्दाम शोधला होता.

"कोड वाचायचेत," मी म्हणाले.

"वाचून काय करता, मॅडम? लाईट त्रास देऊन राहिली असंन तर मीटर खोलतो न् बल्बच काढून टाकतो. दिसणार नाही, टेन्शन नाही."

"नाही. दिसायला पाहिजे."

त्यानं माझ्याकडे जरा नीट पाहिलं, मग माझ्या हातातलं निळं यंत्र घेऊन उलटसुलट केलं. "सॉकेट सारखं आहे, पण हिची बोली जुनी आहे. हे कालचं पोट्टं, याले ते काय समजंन? जुन्या गाडीसंगं बोलणारं घ्या. वायरवालं. न् निस्ते कोड पुसणारं नका घेऊ. पुसाले अक्कल नाही लागत."

मग मी तसं शोधत राहिले. स्वस्त वायरवाली यंत्रं इंजिनचे सर्वसाधारण कोड वाचत, आमच्या कंपनीचे स्वतःचे कोड त्यांना कळत नसत. गॅरेजमध्ये ठेवतात ती मोठी यंत्रं सगळं वाचत, पण ती एका गाडीसाठी घेण्यासारखी नव्हती. मधली दोन उरली. एकात चालू इंजिनचं डिझेल प्रेशर दिसायचं, पण जपून ठेवलेलं पान नाही. दुसऱ्यात दोन्ही होतं, पण आमच्या सालाची गाडी यादीत नव्हती. मी विकणाऱ्याला लिहून विचारलं. त्यानं लिहिलं, चालेल. कशावरून, मी लिहिलं. चार दिवसांनी त्यानं तशाच एका गाडीला यंत्र जोडल्याचा फोटो पाठवला. त्या फोटोत मीटर दिसत होतं. तसंच मीटर, तशीच तडा गेलेली काच. मी फोन उलटा ठेवून अंगणात जाऊन आले. गाडी जागेवर होती.

यंत्र आलं तेव्हा मळणी झाली होती. आई शेजारी गेलेली पाहून मी टर्मिनल लावलं, गाडीत बसले. सीट अजून मी सोडली तिथेच होती, पुढे ओढलेली. घड्याळ एकवर आलं. यंत्र वायरीनं जोडलं, गाडीचं साल निवडलं आणि ते पहिल्या झटक्यात बोललं.

एकही कोड साठवलेला नाही.

मी तीनदा वाचलं. मग यंत्राबरोबरची पुस्तिका काढली. तिच्या शेवटच्या पानांवर होतं: जुन्या गाड्यांमध्ये बॅटरीचं टर्मिनल काढल्यास साठवलेले कोड आणि त्या क्षणाचं पान पुसलं जाऊ शकतं. आदल्या दिवसाचं पान बाबांच्या हातून त्याच संध्याकाळी गेलं असणार. पाळीजवळचं, ज्यासाठी मी सात आठवडे यंत्र शोधलं, ते मीच बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दहा नंबरच्या पान्यानं पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि तोच रस्ता धरला. एकोडी, साकोली, हायवे. यंत्र शेजारच्या सीटवर, वायर माझ्या गुडघ्यावरून गेलेली. तलावाची पाळ यायच्या थोडं आधी दिवा लागला. मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद पडलं नाही, घरघरत राहिलं. या वेळी पान होतं. वेग, फेरे, आणि डिझेलचं प्रेशर, जेवढं हवं त्याच्या निम्म्याहून कमी. कोडही त्याचाच. इंजिनला डिझेल पोचत नाही. असंच चालवत राहिलं तर गाडी बंद पडेल.

म्हणजे तो दिवा त्याचाच होता. मला हवं ते उत्तर मिळालं होतं. पाळीवर दोन बायका कपडे धूत होत्या, त्यातली एक मान वर करून बघत राहिली, म्हणून मी गाडी वळवली.

त्यानंतर मी टर्मिनल काढलं नाही. दिवा पुसलाही नाही. यंत्र विचारायचं, कोड पुसायचे का, मी 'नाही' दाबायचे. चावी फिरवली की तो पिवळा दिवा लागायचा आणि लागलेलाच राहायचा. घड्याळ मी लावून दिलं होतं, ते पहिल्यांदाच दिवसभर बरोबर चालत होतं. संध्याकाळी आई दारात यायची, आधी गाडीकडे आणि मग खिळ्याकडे बघायची.

गाडी विकायची हे काकांनी ठरवलं. अड्याळचा एक गिऱ्हाईक रविवारी दुपारी आला, धानाचा व्यापारी, पांढरा शर्ट, पायात गमबूट. त्यानं खाली वाकून दोन्ही एक्सल पाहिले, पाय आपटून पायदान पाहिलं. काकांनी चावी फिरवली आणि मान आत घातली.

"काय व पोरी, ही लाईट कायले लावून ठेवली? बंद कर तिले."

"बंद होत नाही, काका."

"होत नाही कशी? टर्मिनल काढ ना दहा मिनिटं. तुह्या बापानं येवढी वर्षं दुसरं काय केलं?"

मी म्हणाले, "ते बॅटरीसाठी."

"बॅटरीसाठी!" काका हसले. "बॅटरी नवी आहे, मीच आणून देल्ली होती. अवं, पंप खोला लागते म्हणून मिस्त्रीनं कवाचं सांगतलं होतं त्याले. म्हणे धान निंघू दे, मंग पाहू. दरसाली धान निंघे न् दरसाली राहून जाये. सांजच्याले टर्मिनल काढे, सकाळी लाईट गायब. म्हणे, पोरगी शिकून राहिली, लाईट दिसली का भेऊन जाईन, मंग स्टेअरिंगले हात लावणार नाही."

ते खिळ्याकडे निघाले होते. पाना त्यांनी काढलाही. मी तो त्यांच्या हातातून घेतला. कसा घेतला, मला आठवत नाही. एवढं आठवतं की तो उन्हानं तापलेला होता.

कारण त्या क्षणी मला बाबांचा हात दिसला. साकोली सोडल्यावर थोड्या वेळानं त्यांनी उजवा हात लांब करून मीटरवर ठेवला होता, काचेच्या डाव्या बाजूला, पालथा, बोटं पसरलेली. मी दिवा लागला का ते बघायला खाली नजर टाकली होती आणि तिथे त्यांचा हात होता. कळ आली की माणूस काहीतरी धरतो, असं मी समजले. ते म्हणाले, "समोर पाह्य." गाडी हिसके द्यायला लागेपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.

मी त्यांच्यापासून दिवा लपवला होता. तो त्यांना माझ्याआधीपासून माहीत होता, आणि ते तो माझ्यापासून लपवत होते. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता दर वेळी मला त्या बोटांखाली बघावंसं वाटतं. दिवा होता की नव्हता? त्या दिवसाचं पान तर पुसलेलं आहे.

"काय म्हणता मंग?" गिऱ्हाईक म्हणाला.

"लाईट लागते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "पंप खराब आहे. डिझेलचं प्रेशर पडतं. साकोलीच्या पुढे जाईपर्यंत लागते. मग कधीकधी बंद पडते. आत माणसं असताना नका चालवू. आधी पंप करा."

काकांनी कपाळाला हात लावला. "झालं! इंग्लिश मिडियमनं गाडी इकली."

गिऱ्हाईक मात्र हसला नाही. मी यंत्र आणून जोडलं, त्यानं ते हातात घेऊन पान उघडायला लावलं, आकडे पाहिले, मला विचारून विचारून समजून घेतले. मग म्हणाला, "पंप करून घेतो. हे मशीनबी संगं देता का?"

मी दिलं. ते त्याच गाडीचं होतं.

गाडी गेली त्या संध्याकाळी आई सवयीनं दारात आली. अंगणात तेलाचा एक काळा डाग होता, तेवढाच. तिनं खिळ्याकडे पाहिलं. पाना मी परत तिथेच टांगला होता.

"तोही देऊन टाकायचा ना," ती म्हणाली.

मी म्हणाले, राहू दे.