जिना ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला

भूत, देव, करणी... मी काहीच मानत नाही. आम्ही बौद्ध. शिक्षण चौथीपर्यंत, पण एवढी अक्कल आहे. तरी हे ऐका.

नाहूरला आमची एकमजली चाळ. वर जायला बाहेरून एकच लोखंडी जिना, खालून गंजलेला. या हिवाळ्यात त्याच्या तुटक्या पट्ट्यांना वेल्डिंग करून घेतलं. सकाळपासून मी खाली बसून. घर, चहा, गुडघ्याचं औषध सगळं वर.

काम संपलं तर शेजारचे तात्या नारळ घेऊन हजर. मालवणचे. देवाला हात जोडून गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्यांना नवी बादलीसुद्धा वापरवत नाही.

“आजी, पयला पाऊल तुमचा. वयान मोठ्या तुमीच.”

म्हणजे पडले तर मी. छान!

तात्यांनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ह्या चाळीची राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले.

आणि जिना वाजला — टण्ण!

तात्यांची सून माझ्या पदराला लोंबकळली. वेल्डर म्हणाला, “मौसी, लोहा ठंडा होता है तो बोलता है.”

तात्यांचं चालूच. “वर जातल्याक वर ने, खाली येतल्याक सुखरूप खाली हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” टण्ण! बरोबर आमच्या मागोमाग.

तात्या फुगले. “आणि हो जिनो आमचो सगळ्यांचो भार सोसूंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

जिना गप्प. तात्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. गप्प.

“आजी, चढा.”

“तुम्ही चढा. जिना नाही म्हणतोय.”

“तुमी मानत नाय ना?”

“मानत नाही. पण मरायचंही नाही!”

वेल्डरला म्हटलं, “बोलता है ना? तो अब मुका क्यों हुआ?”

तो हसत जिन्याखाली वाकला आणि त्याचं हसू गेलं. वेल्डिंग पक्कं होतं, पण त्याला लागूनच जुनी पट्टी चिरली होती, बोटभर लांब. गंजक्या लोखंडाला एवढा ताप सोसला नव्हता.

पट्टी कापून नवी जाड बसवली. तात्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. या वेळी शेवटच्या वाक्यालाही — टण्ण! मग मी चढले.

थंड होताना लोखंड वाजतं, मान्य. पण आमच्या सुरात? आणि नेमकं त्याच वाक्याला गप्प? तात्या म्हणतात देव, वेल्डर म्हणतो योगायोग. मला दोन्ही पटत नाही, तिसरं काही सुचत नाही.

आता जिना कधीचा थंड झालाय. तरी बाजारातून आले की पहिल्या पायरीशी थांबते, कोणी बघत नाही ना ते बघते आणि हळूच विचारते, “व्हय म्हाराजा?”

वाजला तर चढते. नाही वाजला तर तात्यांना पुढे पाठवते.