राखाडी म्हणायचं नाही

साधनाताईंना रंग नुसता बघून कळत नसे, तो जिभेवर यावा लागे. श्रीखंडी, आमसुली, डाळिंबी, वांगी. साडीच्या दुकानात कुणी ‘मरून’ म्हटलं की त्या विचारायच्या, “म्हणजे बीट की कोकम?” ज्या रंगाला ताटात किंवा परडीत जागा नाही, त्याला घरात तरी कशाला हवी, असा त्यांचा साधा हिशेब.

आणि नेमकी त्यांचीच लेक हर्षाली घरं सजवण्याचं शिक्षण घेऊन बसली.

त्यांचा सगळा संसार एकलहऱ्याच्या वसाहतीत झाला. यजमान जीवनराव तिथल्या कोळशाच्या वीज केंद्रात, राख वाहून नेणाऱ्या विभागात. क्वार्टरच्या भिंती सरकारी आणि रंगही सरकारी. पिवळा म्हणावा तर पांढरट, पांढरा म्हणावा तर आजारी. भिंतीला हात लावायची सोय नव्हती, म्हणून साधनाताईंनी हौस बाकी सगळ्यावर भागवली. पोपटी पडदे, राणी रंगाची चादर, फ्रिजला झालरीचं कव्हर, टीव्हीवर विणलेला रुमाल आणि रुमालावर कापडी मोर. पाहुणा सोफ्यावर टेकला की त्याचा शर्ट कुठे संपतो आणि उशी कुठे सुरू होते, हे तो उठल्याशिवाय समजायचं नाही.

जीवनराव निवृत्त झाले आणि जेल रोडला स्वतःचा फ्लॅट झाला. हर्षाली तेव्हा एका ऑफिसात दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढत होती. वरच्या मजल्यावरच्या गायखे काकूंनाही घर सजवून घ्यायचं होतं. त्या म्हणाल्या, “पोरी, आदी तुझ्या आईचं घर दाव, मंग माझं बघू. रविवारी येते.” हर्षालीच्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलं काम ठरणार होतं, आणि परीक्षा मात्र साधनाताईंच्या घराची होती. लोकांच्या मुली नर्स होतात. त्यांना कुणी म्हणत नाही, आधी आईला इंजेक्शन देऊन दाखव.

“आई, एका खोलीत रंग तीनच,” हर्षालीने समजावलं. “एक भरपूर, एक बेताचा, एक चिमूटभर.”

“घर रंगवतेस की फोडणी करतेस?”

“असं बघ. साडीचं अंग असतं, काठ असतो, पदर असतो. तिन्हीकडे जरच जर भरली तर चांगली दिसेल?”

हे मात्र साधनाताईंना पटलं. पोपटी पडदे त्यांनी स्वतःच्या हाताने घडी घालून माळ्यावर टाकले. मोराला तेवढं कपाटात ठेवलं, माळ्यावर त्याचा जीव गुदमरेल म्हणून. मग त्यांनी विचारलं, “आणि अंगाला कुठला रंग?”

“बैठकीच्या मोठ्या भिंतीला राखाडी.”

साधनाताई कपाट बंद करायला वळल्या. आई गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं हर्षाली समजली. इतकी वर्षं त्या घरात राहून तिने ही चूक करायला नको होती.

शुक्रवारी ती कामासाठी सिन्नरला गेली आणि इकडे रंगारी हनीफभाई डबे घेऊन हजर झाले. साधनाताईंनी चहा पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, “हनीफभाई, तो राखेचा डबा राहू द्या. जरा आंब्याचा रंग लावा.”

“कौनसा आंबा भाभी? हापूस, केशर, का लंगडा?”

“तुम्ही शेडकार्ड काढा.”

बोटभर पट्टीवरचा केशरी पिवळा रंग त्यांना भारी सोज्वळ वाटला. हर्षालीने आधीच बजावलं होतं, ‘पट्टीवर रंग निमूट बसतो, भिंतीवर गेला की बोलायला लागतो.’ पण लेकीचं बोलणं आईला आठवतं ते नेहमी नंतर.

दुसरा हात झाला आणि संध्याकाळ झाली. समोरच्या खिडकीतून मावळतीचं ऊन थेट भिंतीवर आलं. रंग नुसता बोलला नाही, ओरडायला लागला. पांढरी फरशी पिवळी, छत पिवळं. जीवनराव बनियनवर पेपर वाचत बसले होते, ते हळद लावून बोहल्यावर निघालेल्या नवरदेवासारखे दिसू लागले.

“अगं,” ते म्हणाले, “दिवा लावायची गरज नाही आता. विजेचं बिल वाचलं.”

“तुम्ही गप्प बसा.” साधनाताईंनी खिडकी लोटून पाहिली. रविवारी गायखे काकू दारातूनच डोळे झाकून परत जातील. लेकीचं पहिलं काम, आणि ते आईनेच आंब्याच्या रसात बुडवलं.

हर्षाली आली. चप्पल काढता काढता तिने भिंत पाहिली आणि एक चप्पल पायातच राहिली.

“आई, का गं?”

साधनाताईंनी सांगायला बरीच कारणं जमवली होती. वास्तू, शुभ रंग, हनीफभाईंचा डबा संपला. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

“तुझ्या बाबांचे कपडे रोज दाराबाहेर झटकायचे, तीन पाण्यांतून काढायचे. तरी बादलीच्या तळाला राख. एवढी वर्षं मी तीच काढत आले. आता स्वतःचं घर झालं, तर पैसे मोजून तीच भिंतीला फासायची?”

हर्षाली सोफ्यावर बसली. “मला नव्हतं माहीत. मला तो रंग आवडतो, कारण बाबा कामावरून यायचे तेव्हा तसेच दिसायचे. खांद्यापासून पायापर्यंत. मी दारात उभी असायचे.”

“मी अजून इथेच बसलोय बरं का,” जीवनराव पेपरमागून म्हणाले. “आठवण म्हणून भिंत रंगवायची घाई नको.”

दोघी हसल्या आणि मग बोलणं सोपं झालं. हर्षालीने उठून खिडकीवर हात आडवा धरला, ऊन कुठवर येतं ते पाहिलं. मोठ्या भिंतीच्या कोपऱ्यात देवाचा कोनाडा होता, तिथे ऊन पोचत नव्हतं.

“कोनाडा आंब्याचा राहू दे,” ती म्हणाली. “तो पदर. अंग मात्र माझं.”

“आणि काठ?”

“सागवानी फळी. आणि आई, तुझा मोर.”

मोराला जागा मिळाल्यावर साधनाताईंचा विरोध निम्म्यावर आला. शनिवारी हनीफभाई परत आले आणि काही न विचारता राखाडी डबा उघडून बसले. चहा घेताना एवढंच म्हणाले, “भाभी, आम का मौसम गया.”

रविवारी गायखे काकू आल्या. मूळच्या पळसे गावच्या शेतकरी घरातल्या, त्यामुळे आवाज बांधावरून हाक मारल्यासारखा. खोलीभर फिरल्या, कोनाड्यापाशी थांबल्या, हात जोडले.

“देव लय उठून दिसतो हितं. आन् ही भिंत? ह्यो कंचा रंग?”

हर्षाली तोंड उघडणार, तेवढ्यात साधनाताई पुढे झाल्या. गिऱ्हाइकापुढे राखेचं नाव कसं काढू द्यायचं? “कबुतरी,” त्या म्हणाल्या.

“कबुतरी?” काकू दोन पावलं मागे सरल्या. “नाय बाई. गॅलरीत त्या मेल्यांनी घाण करून जीव नकोसा केलाय. घरात कशाला आणू?”

हर्षालीने आईकडे पाहिलं. काम हातचं जातंय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“काकू, खोटं बोलले. राखाडी आहे तो. आमच्या ह्यांनी सगळी नोकरी राखेत काढली, त्या राखेचा. मलाच नाव घ्यायला जड जात होतं.”

काकूंनी भिंतीकडे पुन्हा पाहिलं, मग जीवनरावांकडे. “मंग त्यात लाजायचं काय? राखेनं भांडी लख्ख होत्यात. माझ्याकडं बी हाच लाव पोरी. कोनाडा तेवढा पोपटी कर.”

हर्षालीचा चेहरा पडला. ती काही बोलायच्या आत साधनाताईंनी तिचा हात दाबला. “चिमूटभर चालेल गं,” त्या कानात म्हणाल्या. “पडदे आहेत माळ्यावर, हवे तर.”

काकू वर गेल्या. साधनाताई कप उचलायला वळल्या आणि जाता जाता, सवयीने, पदराच्या टोकाने भिंत पुसू लागल्या.

“आई, तो रंग आहे.”

“माहीत आहे,” साधनाताई म्हणाल्या, आणि एकदा पुसून घेतलीच.